रेडिएशन डोक्यात जातंय का?

मोबाइलला घाबरायचं की सीटी स्कॅनला? आणि हल्लीच्या विसरभोळेपणाचं खापर नक्की कुणावर फोडायचं? मेंदू, मेमरी आणि रेडिएशनच्या छोट्या छोट्या डोसांची ही गोष्ट.

'यार, हल्ली काही लक्षातच राहत नाही!'

कुठल्याही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दुपारी दीड वाजता हे वाक्य ऐकू येतंच. क्लायंटचं नाव आठवत नाही, एटीएमचा पिन दोनदा चुकतो, बॉसने सांगितलेली चार कामं सीटवर पोहोचेपर्यंत दोन झालेली असतात. मग डबे उघडता उघडता चर्चासत्र सुरू. एक म्हणतो, रात्री उशाशी मोबाइल ठेवतोस ना, त्याचंच रेडिएशन. दुसरी म्हणते, आमच्या सोसायटीसमोर टॉवर उभा राहिला आणि तेव्हापासून माझं डोकंच चालत नाही. तिसऱ्याचा संशय वाय-फायवर. गंमत म्हणजे त्याच टेबलावरचा चौथा गेल्याच महिन्यात 'डोकं दुखतं' म्हणून सीटी स्कॅन काढून आलेला असतो आणि आता 'फुल बॉडी' चेकअपचं डिस्काउंट कूपन दाखवत असतो. त्याला कुणी काही बोलत नाही!

हा सीन इतक्या वेळा पाहिला की म्हटलं, एकदा छडाच लावू या. रेडिएशनच्या लहान डोसाने खरंच मेंदूवर परिणाम होतो का? मेमरी जाते का? रिसर्च पेपर्स चाळले, ओळखीच्या डॉक्टरांचं डोकं खाल्लं. हाती आलेलं उत्तर कॅन्टीनमधल्या चर्चेपेक्षा बरंच वेगळं आहे. आपण भलत्याच रेडिएशनला घाबरतोय. आणि ज्याला दोन प्रश्न विचारायला हवेत, त्याच्यासमोर मुकाट्याने आडवे होतोय.

दोन भाऊ, एकच आडनाव

मोबाइल, टॉवर, वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह यांतून निघतात त्या रेडिओ लहरी. त्यांची ताकद इतकी कमी की अणूमधला इलेक्ट्रॉन त्या उडवू शकत नाहीत. फार तर थोडी उष्णता निर्माण करतात. एक्स-रे आणि गॅमा किरणांचं तसं नाही. ते इलेक्ट्रॉन उडवतात आणि पेशीतल्या डीएनएचे धागे तोडू शकतात. यांना आयनीकरण करणारं रेडिएशन म्हणतात. आडनाव एक, पण स्वभावात जमीनअस्मानाचा फरक.

मोबाइलवरचा आरोप तसा जुना. २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मोबाइलच्या लहरींना 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात टाकलं आणि जगभर हेडलाइन्स झाल्या. भारताने २०१२मध्ये टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली. हँडसेटसाठीही किलोमागे १.६ वॉटची मर्यादा घातली. २०२१मध्ये फाइव्ह-जीविरुद्ध जुही चावला दिल्ली हायकोर्टात गेली, तेव्हा कोर्टाने दावा फेटाळून २० लाखांचा भुर्दंड बसवला. पुढे २०२२मध्ये तो २ लाखांवर आला. आणि २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करून घेतलेला मोठा आढावा आला: मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसत नाही.

म्हणजे टॉवरवाल्या मैत्रिणीला सांगायला हरकत नाही, की बाई गं, टेन्शन घेऊ नकोस. आपला विषय आहे तो दुसरा भाऊ.

डोसाचा हिशेब

हा दुसरा भाऊ काही फक्त हॉस्पिटलात राहत नाही. जमिनीतून, हवेतल्या रेडॉन वायूतून, आकाशातून, अगदी आपल्या खाण्यातूनही तो रोज थोडा थोडा मिळतोच. याचं माप आहे मिलिसिव्हर्ट. जगात सरासरी माणसाला निसर्गाकडून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट फुकट मिळतात.

आता मेडिकलचं बिल बघा. छातीचा एक्स-रे म्हणजे साधारण ०.१ किंवा त्याहूनही कमी. डोक्याचा सीटी स्कॅन साधारण २. पोटाचा सीटी ८ ते १०. म्हणजे एका पोटाच्या सीटीत तीन-चार वर्षांचं नैसर्गिक रेडिएशन काही सेकंदांत! एमआरआय आणि सोनोग्राफीत मात्र हे रेडिएशन शून्य. एमआरआयच्या त्या धडधडाटाने कितीही धडकी भरली तरी.

इथे एक मेख आहे. डोक्याच्या सीटीचा '२' हा आकडा सगळ्या शरीराच्या हिशेबाने काढलेला असतो. एकट्या मेंदूला किती मिळालं ते पाहायचं तर माप बदलतं. ते आहे मिलिग्रे. एका स्कॅनमध्ये मेंदूला साधारण ३० ते ५० मिलिग्रे मिळतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वीडनची बाळं

मेंदूवर लहान डोसाचा परिणाम शोधायचा कसा? कुणाला मुद्दाम रेडिएशन देऊन तर बघता येत नाही. मग शास्त्रज्ञ जुन्या फाइली उघडतात.

स्वीडनमध्ये १९३० ते १९५९ या काळात अंगावर लालसर रक्तवाहिन्यांची गाठ घेऊन जन्मलेल्या बाळांना रेडिएशन दिलं जायचं. तेव्हा तोच इलाज होता. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचे पेर हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी ३,०९४ मुलं शोधली. दीड वर्षाच्या आत रेडिएशन मिळालेली. ही मुलं १८-१९ वर्षांची झाली तेव्हा सक्तीच्या सैन्यभरतीत त्यांची बुद्धीची चाचणी झालेली होती. ते मार्क्स आणि बाळपणीचा डोस एकमेकांशेजारी ठेवले. रिझल्ट २००४मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. मेंदूला रेडिएशन न मिळालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के मुलं हायस्कूलला गेली होती. २५० मिलिग्रेपेक्षा जास्त मिळालेल्यांत हे प्रमाण १७ टक्क्यांवर आलं. शिकण्याची आणि तर्काची क्षमताही डोस वाढेल तशी घटलेली दिसली.

इस्रायलमध्ये त्याआधी असंच काहीसं दिसलं होतं. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून १९६०पर्यंत तिथे हजारो मुलांच्या डोक्यातल्या नायट्यावर उपाय म्हणून एक्स-रेने केस काढले गेले. मेंदूला १ ग्रेहून, म्हणजे १००० मिलिग्रेहून जास्त डोस. १९८२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही मुलं परीक्षेत आणि बुद्ध्यांकात इतरांपेक्षा मागे पडलेली आढळली.

या दोन अभ्यासांनी जगभरच्या रेडिऑलॉजिस्टना विचार करायला लावलं. कारण बाळाचा सीटी दोन-तीनदा काढला तर त्याच्या मेंदूला मिळणारा डोस स्वीडनच्या बाळांच्या जवळ जातो. मोठ्या मुलांबद्दलची बातमी मात्र दिलासा देणारी आहे. किरकोळ डोकेदुखापतीनंतर ६ ते १६ वयात एक सीटी झालेल्या मुलांच्या बुद्धीवर पुढे काही परिणाम दिसला नाही, असं स्वीडनच्याच २०१८च्या अभ्यासात आढळलं. एका स्कॅनने कुणाचा मुलगा 'ढ' होत नाही.

फक्त मेमरी हा एकच हिशेब नाही. २०२३मध्ये युरोपातल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास आला. त्यानुसार १०,००० मुलांच्या डोक्याचा एकेक सीटी काढला, तर पुढच्या ५ ते १५ वर्षांत त्यामुळे मेंदूच्या कॅन्सरची साधारण एक केस वाढते. धोका फार छोटा, पण शून्य नाही. म्हणून गरज असेल तर काढायचाच, आणि नसेल तर नाही. इतकं साधं आहे.

आठ ते पंधरा आठवडे

सगळ्यात नाजूक काळ जन्माच्याही आधीचा. हिरोशिमा-नागासाकीत बॉम्ब पडला तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांचा पुढे कित्येक वर्षं अभ्यास झाला. गर्भधारणेनंतर ८ ते १५ आठवड्यांत मोठा डोस मिळालेल्या मुलांमध्ये मतिमंदत्वाचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं दिसलं. १६ ते २५ आठवड्यांत धोका कमी. ८ आठवड्यांच्या आधी आणि २५नंतर दिसला नाही. कारणही समजण्यासारखं आहे. ८ ते १५ आठवड्यांत मेंदूच्या पेशी भराभर तयार होऊन आपापल्या जागी निघालेल्या असतात. बांधकाम चालू असताना पायाला हात लागला तर इमारत वाकडी होणारच.

हे सगळं मला एका जुन्या कलीगमुळे वाचावं लागलं होतं. नाव सांगत नाही. लग्नाला वर्ष झालेलं, मुतखड्याच्या कळा आल्या म्हणून घाईघाईत पोटाचा सीटी झाला. दोन आठवड्यांनी कळलं की ती प्रेग्नंट आहे. घरात आनंदाऐवजी सुतक! सासूबाई म्हणाल्या, असलं मूल नकोच, पुन्हा बघू. नवरा गप्प. हिचा मला रात्री अकराला फोन, 'अगं, मी आता काय करू?'

तिने दुसऱ्या दिवशी एक शहाणी गोष्ट केली. फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारण्याऐवजी स्कॅनचे कागद घेऊन थेट स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रेडिऑलॉजिस्टना गाठलं. मशीनच्या नोंदीवरून गर्भाला किती डोस गेला असेल याचा हिशेब मांडता येतो. पोटाच्या एका सीटीत तो साधारण १० ते २५ मिलिग्रेच्या आसपास असतो. १०० मिलिग्रेच्या खाली असेल तर केवळ रेडिएशनच्या कारणाने गर्भपात करू नये, असं आंतरराष्ट्रीय रेडिएशन संरक्षण आयोगाचं स्पष्ट मत आहे. बुद्धीवर गंभीर परिणाम व्हायला तर किमान ३०० मिलिग्रे लागतात, तेही त्या नाजूक आठवड्यांत. हिचा स्कॅन पाळी चुकायच्याही आधी झालेला. डॉक्टरांनी सगळं कागदावर लिहून दिलं. तो कागद सासूबाईंपुढे ठेवायला तिला मोठी हिंमत लागली, पण ठेवला. लेक आज शाळेत जाते, आणि पाढे आईपेक्षा भरभर म्हणते!

आईच्या डोक्याचा किंवा छातीचा स्कॅन असेल तर गर्भापर्यंत पोहोचणारा डोस आणखीच कमी, जवळजवळ नगण्य. हे माहीत नसल्यामुळे किती जणींनी भीतीपोटी निर्णय घेतले असतील, या विचारानेच कसंतरी होतं.

म्हणून गरोदरपणात बिनधास्त राहा असं मात्र नाही. चेर्नोबिलची दुर्घटना १९८६ची. तिचा ढग स्वीडनवरून गेला तेव्हा गर्भात ८ ते २५ आठवड्यांची असलेली मुलं पुढे शाळेत, विशेषतः गणितात, थोडी मागे पडली असं तीन अर्थतज्ज्ञांनी २००९मध्ये दाखवलं. डोस इतका किरकोळ होता की अनेकांना हे पटत नाही. वाद चालू आहे. पण शंका आहे तोवर पोटातल्या बाळाला फायदा द्यायचा, हे कुणीही मान्य करेल.

केरळची काळी वाळू

आपल्याच देशात या प्रश्नाची एक जिवंत प्रयोगशाळा आहे. कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागपल्ली-चवरा किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मोनाझाइट असतं, त्यात थोरियम. तिथल्या काही गावांत नैसर्गिक रेडिएशन सरासरीच्या कितीतरी पट आहे. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतात, मासेमारी करतात.

१९७६मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मधल्या डॉक्टरांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की या पट्ट्यात डाउन्स सिंड्रोम आणि मतिमंदत्वाचं प्रमाण जास्त दिसतं. खळबळ उडाली. पण प्रश्न तिथेच सोडला गेला नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी याच किनाऱ्यावर पुढे बारकाईने काम केलं. २०१२मध्ये त्यांनी मतिमंद मुलं आणि निरोगी मुलं अशी तुलना प्रसिद्ध केली. तिथल्या नैसर्गिक रेडिएशनशी मतिमंदत्वाचा संबंध आढळला नाही. त्याआधी २००९मध्ये जवळपास ७० हजार लोकांच्या पाहणीत कॅन्सरचंही प्रमाण वाढलेलं दिसलं नव्हतं. थेंबाथेंबाने वर्षानुवर्षं मिळणारं रेडिएशन आणि एका झटक्यात मिळणारं रेडिएशन, शरीर दोन्हींना एकसारखं वागवत नसावं.

आणि आपल्या मेमरीचं काय?

आता मूळ मुद्दा. आपण काही गर्भात नाही, दीड वर्षाचेही नाही. पंचविशी-तिशीतल्या मेंदूचं काय?

मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो. नवी आठवण तयार होते ती इथे. नव्या पेशी जन्माला घालणाऱ्या मूळ पेशीही इथे असतात आणि त्या रेडिएशनला फार हळव्या. कॅन्सरसाठी पूर्ण मेंदूला रेडिओथेरपी देतात तेव्हा डोस साधारण ३० ग्रे, म्हणजे ३०,००० मिलिग्रे. सीटीच्या कित्येक शे पट. त्या डोसाने मेमरीला फटका बसतो, हे पक्कं आहे. म्हणूनच हिप्पोकॅम्पसला चुकवून किरण सोडायचं तंत्र आलं. ५१८ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा २०२०मध्ये सिद्धही झाला. खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३पासून प्रोटॉन थेरपी मिळते. तिचाही उद्देश हाच, ट्यूमरवर मारा, शेजाऱ्यांना अभय.

पण लहान डोसात? हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेले, बॉम्ब पडला तेव्हा १३ वर्षांहून मोठे असलेले लोक म्हातारे झाल्यावर त्यांच्यात डिमेन्शियाचं प्रमाण तपासलं गेलं. २००९च्या त्या अहवालात रेडिएशनच्या डोसाशी डिमेन्शियाचा संबंध दिसला नाही. थोडक्यात, मोठ्या माणसाची मेमरी एखाद्या सीटीने जाते, याला पुरावा नाही.

उघडं डोकं

एक गट मात्र वेगळा आहे. जे पेशंट म्हणून एकदा नाही, तर नोकरी म्हणून रोज किरणांशेजारी उभे राहतात.

माझा मावसभाऊ कॅथ लॅबमध्ये टेक्निशियन आहे. अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी चालते तिथे. अंगात जड लेड एप्रन, गळ्याला थायरॉइड कॉलर. पण डोकं? ते बऱ्याच वेळा उघडंच. इटलीतल्या पिसामध्ये अशा ८३ कॅथ लॅब कर्मचाऱ्यांची आणि रेडिएशनशी संबंध नसलेल्या ८३ जणांची मेमरी तपासली गेली. २०१५च्या या अभ्यासात ऐकलेलं थोड्या वेळाने आठवणं, पाहिलेलं लक्षात ठेवणं आणि झटकन शब्द सुचणं, या तिन्हींत कॅथ लॅबवाले मागे होते. अभ्यास छोटा आहे. नाइट ड्युटी, ताण यांचाही वाटा असू शकतो. पण दुर्लक्ष करण्यासारखा नक्कीच नाही.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे: अशा कर्मचाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात फार तर ३०. मोजण्यासाठी छातीवर टीएलडी बॅज. भाऊ सांगतो, रीडिंग जास्त आलं की चौकशी होते, म्हणून काही जण बॅज ड्रॉवरमध्येच ठेवतात. म्हणजे वजन वाढलं की काटाच फेकून द्यायचा! तुमच्यापैकी कुणी किंवा घरातलं कुणी या कामात असेल तर बॅज रोज लावायला सांगा. छताला टांगलेली शिशाची काच पुढे ओढायला सांगा. ती अनेक लॅब्जमध्ये असते, पण धूळ खात.

स्कॅनआधी विचारा

• या स्कॅनने माझ्या ट्रीटमेंटमध्ये काय बदलणार आहे? काहीच नसेल तर थांबता येईल का?
• एमआरआय किंवा सोनोग्राफीने काम भागेल का?
• जुना स्कॅन उपलब्ध आहे, तो चालेल का? सगळ्या सीडी आणि रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. हॉस्पिटल बदललं की पुन्हा स्कॅन, हे निम्म्या वेळा टाळता येतं.
• पाळी चुकली आहे किंवा चान्स आहे? टेक्निशियनला न लाजता सांगा.
• लहान मुलाचा सीटी असेल तर मशीन मुलांच्या सेटिंगवर आहे ना, एवढं विचाराच.
• काहीही त्रास नसताना केवळ ऑफर आहे म्हणून 'फुल बॉडी सीटी' नको. वाचलेल्या पैशात गोव्याला जाऊन या.

आणि याच्या बरोबर उलटंही तितकंच महत्त्वाचं. बाइकवरून पडल्यावर उलट्या होतायत, शुद्ध हरपली, अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर डोसाचा हिशेब मांडत बसू नका. त्या वेळी सीटी जीव वाचवतो आणि त्याला उशीर झाला तर मेंदूचं जे नुकसान होईल, ते कुठल्याही रेडिएशनपेक्षा मोठं असेल.

राहता राहिला कॅन्टीनमधला विसरभोळेपणा. त्याचे खरे आरोपी बहुतेक वेळा घरचेच असतात: अर्धवट झोप, एका वेळी पाच कामं, न संपणारा ताण. शाकाहारी मंडळींत बी-१२ची कमतरता, शिवाय थायरॉइड आणि डिप्रेशन. यातल्या निम्म्या गोष्टी रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात, स्कॅन लागत नाही. महिनाभर नीट झोपूनही फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा.

आणि आज रात्री मोबाइल खुशाल दुसऱ्या खोलीत ठेवा. रेडिएशनशी त्याचा काही संबंध नाही. झोप चांगली लागेल, एवढंच!